विन्स्टनच्या आईची आठवण तरी त्याच्याकडे ठेवायची होती! ('१९८४'चा शेवट)

कुशावती (केपे)

जॉर्ज ऑर्वेलची '१९८४' ही एका पक्षाच्या हुकूमशाहीवरची कादंबरी वाचून संपवली आणि तेव्हापासून मनात नुसता संताप आहे. तो कुठेतरी मांडल्याशिवाय जाणार नाही, म्हणून हा धागा. ज्यांनी कादंबरी वाचलेली नाही त्यांनी इथेच थांबावं, कारण शेवट उघड केल्याशिवाय मला पुढे एक वाक्य लिहिता येणार नाही.

नायक विन्स्टन त्या राजवटीपुढे हरणार हे पहिल्या प्रकरणापासून दिसत होतं. डायरी उघडून पहिली ओळ लिहितो तेव्हा त्याला स्वतःलाही ते ठाऊक असतं. त्यामुळे तो पकडला गेला, मार खाऊन हाडांचा सापळा झाला, दात पडले, याचं दुःख झालं पण राग नाही आला. खोली क्रमांक १०१ मध्ये उंदरांचा पिंजरा तोंडाशी आल्यावर तो 'माझं नको, ज्युलियाचं करा' असं आपल्या प्रेयसीचं नाव घेऊन ओरडतो, तेही मी समजून घेतलं. तिथे कोणीही ओरडेल.

राग आला तो शेवटच्या प्रकरणातल्या एका परिच्छेदाचा. सुटून आलेला विन्स्टन चेस्टनट ट्री कॅफेत एकटा बसलाय. समोर जिनचा पेला आणि बुद्धिबळाचा पट. आणि ध्यानीमनी नसताना एक आठवण वर येते. मेणबत्तीच्या उजेडातली खोली, बाहेर धो धो पाऊस, आईने त्याच्यासाठी सापशिडी आणलीय. तो नऊ-दहा वर्षांचा. धाकट्या बहिणीला खेळ कळतही नाही, पण ही दोघं हसताहेत म्हणून तीही हसतेय. एक अख्खी दुपार तिघंही सुखात होती. हे सगळं आठवतं आणि लगेच तो ते झटकून टाकतो. खोटी आठवण, म्हणतो. अशा खोट्या आठवणी अधूनमधून त्रास देतात, त्या खोट्या आहेत हे माहीत असलं की झालं.

हे वाचून मी पुस्तक खाली ठेवलं. कादंबरीच्या पूर्वार्धात हा माणूस तगून होता तो आईच्या आठवणीवर. बहिणीच्या हातातला चॉकलेटचा तुकडा हिसकावून तो पळतो आणि आई त्या आजारी पोरीला हाताने नुसती जवळ ओढून घेते. त्याने काही साधणार नसतं, चॉकलेट परत येणार नसतं, पण त्या हाताला किंमत होती हे विन्स्टनला उशिरा का होईना कळलेलं असतं. तेवढंही लेखकाने काढून घेतलं. राजवटीचा प्रमुख बिग ब्रदर, त्याच्यावर विन्स्टनचं प्रेम जडलं हे शेवटचं वाक्य सगळे सांगत फिरतात. मला त्या वाक्याचं काही वाटलं नाही. माणूस त्याआधी दोन पानांवर संपला होता.

मी उच्च माध्यमिकला शिकवते. बारावीच्या मुलांना ही कादंबरी वाचायला द्यायची असं ठरवलं होतं. आता हात धजत नाही. तुम्हाला काय वाटतं? इतका अंधार लेखकाने वाचकाच्या पदरात टाकावा का?

तेरेखोल

द्यावी की नाही ते माहीत नाही ताई, पण मला वाचून बरीच वर्षं झाली तरी तो उंदरांचा पिंजरा डोळ्यांसमोरून जात नाही. परत हातात घेण्याची हिंमत झालेली नाही.

मांडवीकाठ (पणजी)

कुशावतीताई, तुमच्या प्रतीत परिशिष्ट आहे ना? बहुतेक लोक 'समाप्त' पाहून पुस्तक मिटतात. त्यानंतर 'न्यूस्पीक'वर काही पानांचं परिशिष्ट आहे. पक्षाने बनवलेल्या त्या भाषेची रचना, शब्दांचे वर्ग, ती कशी रुजवायची होती याची माहिती. वरवर रुक्ष आहे. पण ते सगळं भूतकाळात लिहिलंय. 'ही ओशिआनियाची (कादंबरीतल्या त्या राज्याची) अधिकृत भाषा होती' अशा थाटात. आणि लिहिलंय साध्या, आपल्या ओळखीच्या इंग्रजीत, न्यूस्पीकमध्ये नव्हे. म्हणजे केव्हातरी कोणीतरी अभ्यासक निवांत बसून त्या राजवटीबद्दल लिहू शकला. राजवट गेली असली पाहिजे. मार्गारेट ॲटवूडही हे परिशिष्ट असंच वाचते, आणि तिच्या 'द हँडमेड्स टेल' (१९८५) च्या शेवटीही तिने तसाच, पुढच्या काळातल्या अभ्यासकांच्या परिषदेचा वृत्तान्त जोडलाय.

हे परिशिष्ट ऑर्वेलला किती महत्त्वाचं होतं तेही पाहा. अमेरिकेतल्या बुक ऑफ द मंथ क्लबने परिशिष्ट आणि कादंबरीतच येणारा, राजवटीचा शत्रू गोल्डस्टाइन याच्या पुस्तकाचा भाग गाळायची अट घातली होती. नकार दिला तर सुमारे ४०,००० पौंडांवर पाणी सोडावं लागेल याचा अंदाज असूनही त्याने नकार दिला. क्षयाने अंथरुणाला खिळलेला माणूस, पदरी लहान मुलगा. शेवटी क्लबनेच माघार घेतली.

डिचोलीची_पोर

मांडवीकाठ सर, माफ करा, पण मला हे पटत नाही. परिशिष्ट वाचून आपल्याला बरं वाटतं. विन्स्टनला त्याचं काय? त्याला कोणी सांगायला येणार आहे का, की बाबा रे, शे-दोनशे वर्षांनी एक प्राध्यापक भूतकाळात वाक्यं लिहिणार आहे? ताईंचा प्रश्न आईच्या आठवणीचा आहे. तो परिशिष्टाने सुटत नाही.

मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. माझ्या वर्गातल्या मुलींना हा शेवट 'भारी' वाटतो. मला तो वाचून दोन दिवस जेवण गेलं नाही.

पटावरचा_घोडा (म्हापसा)

एक गोष्ट विसरू नका. ऑर्वेल ही कादंबरी लिहीत होता तेव्हा स्कॉटलंडजवळच्या जुरा बेटावर क्षयाने खंगत होता. प्रकाशन झालं ८ जून १९४९ ला आणि २१ जानेवारी १९५० ला तो गेला. प्रकाशकाला त्याने स्वतःच कळवलं होतं की क्षयाच्या छायेत लिहिलं नसतं तर पुस्तक जास्त चांगलं उतरलं असतं. मरणाच्या दारातल्या माणसाकडून उजळ शेवटाची अपेक्षा कशी ठेवणार?

माझा विषय बुद्धिबळ, म्हणून एक भर. कॅफेतला तो पट मुद्दाम आहे. वर्तमानपत्रातला डाव, पांढऱ्याने दोन खेळींत मात करायची. विन्स्टन विचार करतो की जगाच्या सुरुवातीपासून अशा कोड्यात काळा कधी जिंकलेलाच नाही. कोडी सोडवणाऱ्या कोणालाही हा नियम माहीत असतो, पण तो त्यात चांगल्याचा वाइटावर कायमचा विजय बघतो. एवढ्या साध्या खेळातही त्याचं डोकं आता त्यांचं झालंय.

आणि टेबलावरच्या धुळीत तो बोटाने २+२=५ लिहितो ना, इंग्रजीतल्या काही आवृत्त्यांत त्यातला ५ छपाईत गळाला होता आणि कितीतरी वर्षं तसाच गळालेला राहिला. त्या प्रती वाचलेल्यांना शेवट निराळा दिसला असणार. उत्तर लिहिता लिहिता हात थांबलेला.

मांडवीकाठ (पणजी)

पाचाची गोष्ट नोंदवलीत हे बरं केलंत. पण आजारपणाचं कारण मला पुरेसं वाटत नाही. कादंबरीचा आराखडा त्याच्या १९४३ च्या सुमाराच्या वहीत सापडतो आणि शेवट पराभवाचाच आहे. ऑर्वेलने ठरवून हा शेवट लिहिला. तापात सुचलेला नाही.

अंत्रुजकर (फोंडा)

मी फारसं लिहीत नाही, पण कुशावतीबायचा तो आठवणीचा मुद्दा वाचून राहवलं नाही.

आमच्या वाड्यावर, माझ्या वडिलांच्या पिढीतले एक गृहस्थ होते. नाव सांगत नाही. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या काळातला गोवा कसा होता हे आताच्या मुलांना सांगून खरं वाटत नाही. लग्नपत्रिका छापायची तर तीही आधी सेन्सॉरकडे मंजुरीला जायची. अशा काळात हे गृहस्थ पत्रकं वाटायचे, निरोप पोचवायचे. पन्नासच्या दशकात पकडले गेले. आत काय झालं ते त्यांनी कधी कोणाला सांगितलं नाही. कागदावर सही केली आणि एका सोबत्याचं नाव घेतलं, अशी बोलवा होती. सुटून आले तेव्हा चालण्याची ढबसुद्धा बदललेली होती, असं वडील सांगत.

१९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला. पुढे स्वातंत्र्यसैनिकांचे सत्कार झाले, पेन्शनी लागल्या. यांनी अर्ज केला नाही. हे सगळ्यांना समजण्यासारखं होतं. पण मी मोठा झाल्यावर, शाळेच्या कामासाठी जुन्या आठवणी विचारायला त्यांच्या सोप्यावर जाऊन बसलो, तेव्हा ते शांतपणे म्हणाले, 'मी कधी त्या चळवळीत नव्हतोच. लोकांचा काहीतरी घोटाळा झालाय.' राग नाही, लाज नाही. खरंच नव्हतो अशा सुरात. माझे वडील शेजारी बसले होते. दोघांनी एकत्र रात्री जागवलेल्या. वडिलांनी मान खाली घातली आणि विषय पावसाकडे नेला.

बाय, विन्स्टनचं ते 'खोटी आठवण' मी वाचलं तेव्हा मला हे गृहस्थ आठवले. आपल्याला वाटतं की जुलमी लोक माणसाची आठवण हिसकावून नेतात. तसं पुष्कळदा होत नाही. मोडलेला माणूसच ती टाकून देतो, कारण ती जवळ ठेवून जगणं त्याला झेपत नाही. आपण एके काळी चांगले होतो, कोणावर तरी माया केली होती, हे आठवत राहिलं तर आजचा दिवस कसा काढायचा? ऑर्वेलने हे कुठे पाहिलं कोण जाणे, पण पाहिलं होतं. म्हणून तो परिच्छेद क्रूर असला तरी खोटा नाही. तिथे त्याने आईची आठवण विन्स्टनजवळ ठेवली असती, तर माझ्या शेजाऱ्यासारख्या माणसांबद्दल त्याने खोटं लिहिलं असं मी म्हटलं असतं.

तेरेखोल

अंत्रुजकर भाई, वाचून गलबलून आलं.

पण सगळेच मोडत नाहीत हेही लिहायला हवं. गोवा मुक्तीसाठी लढलेले मोहन रानडे यांचं उदाहरण आपल्यासमोर आहे. १९५५ मध्ये पकडले गेले, पोर्तुगालला नेले गेले, गोवा मुक्त झाल्यावरही लिस्बनजवळच्या काशियशच्या तुरुंगातच राहिले. बाहेर आले १९६९ मध्ये. न मोडता. ऑर्वेल असा एकही माणूस दाखवत नाही. माझी तक्रार ती आहे. त्याच्या जगात विन्स्टनचा छळ करणारा पक्षाचा अधिकारी ओब्रायन म्हणतो तेच खरं ठरतं, की प्रत्येकाला मोडता येतं.

डिचोलीची_पोर

रानडेंच्या सुटकेसाठी बाहेर माणसं झटत होती ना? सुधीर फडके यांनी समिती करून पाठपुरावा केला होता, असं आम्हाला शाळेत सांगितलं होतं. म्हणजे आत असलेल्या माणसाचं नाव बाहेर कोणीतरी घेत होतं. विन्स्टनचं नाव घेणारं बाहेर कोणी नाही. ओब्रायन त्याला तेच सांगतो, की तू इतिहासातूनच पुसला जाशील, पुढच्या पिढ्यांना तुझं नावही कळणार नाही. मला वाटतं मार खाण्यापेक्षा त्या वाक्याने तो जास्त खचला असेल.

सासष्टीकार (मडगाव)

डिचोलीच्या मुलीने नेमकं बोट ठेवलंय. एकटा माणूस किती टिकेल? कादंबरीतच दुसरीकडे न मोडणारं कोणीतरी आहे, आपण तिच्याकडे बघत नाही. विन्स्टन आणि ज्युलिया चोरून भेटतात त्या चॅरिंग्टनच्या दुकानामागच्या अंगणात कपडे वाळत घालणारी ती बाई. पन्नाशीची, जाडजूड, लालबुंद दंडांची. दोरीवर दुपटी टाकत गात असते. गाणंही यंत्राने बनवलेलं, पक्षाने लोकांना रमवायला काढलेलं टुकार गाणं. तिच्या गळ्यातून ते सुंदर होतं. विन्स्टन आणि ज्युलिया खिडकीतून ते ऐकत असतानाच पकडले जातात. बाई अटकेच्या वेळीच गप्प होते आणि मग ती कादंबरीत परत येत नाही. पण तिला कोणी पकडून मोडलं असंही लेखक लिहीत नाही.

मी सासष्टीतला, म्हणून तिच्याकडे वेगळ्या नजरेने बघतो. १७३६ मध्ये इन्क्विझिशनने, म्हणजे गोव्यातल्या चर्चच्या धर्मन्यायालयाने, एक लांबलचक आज्ञापत्र काढलं. लग्नात काय करायचं नाही, अंगणात तुळस लावायची नाही, आणि ओव्या गायच्या नाहीत. त्यांच्या हातात तुरुंग होते, यातना देण्याची साधनं होती, १५६० पासूनचा अनुभव होता. आज आमच्याकडे कॅथलिक घरातल्या लग्नात रोसाच्या दिवशी नारळाचा रस लावताना बायका ओव्या म्हणतात. देव बदलले, शब्द बदलले, चाल राहिली. कोणी वीर पुढे येऊन लढला म्हणून ती टिकली नाही. स्वयंपाकघरात, परसात, लेकीसुनांच्या तोंडी ती राहिली, जिथे आज्ञापत्र वाचणारा सतत उभा राहू शकत नव्हता.

ऑर्वेल म्हणतो आशा असलीच तर सामान्य लोकांत आहे. हे वाक्य तो विन्स्टनच्या डायरीत लिहवून घेतो, आणि पुढे ते खोटं पाडणारा एकही प्रसंग दाखवत नाही. शेवट अंधारा आहे तो एका माणसाचा. पुस्तकाचा आहे का, याबद्दल मला शंका आहे.

पटावरचा_घोडा (म्हापसा)

ओव्या टिकल्या हे खरं, पण ग्रंथ जळले ना? सोळाव्या शतकात देवळांबरोबर किती पोथ्या गेल्या त्याची मोजदादच नाही. १६८४ मध्ये तर तीन वर्षांत लोकांनी कोकणी सोडून पोर्तुगीज बोलावं असा हुकूम निघाला होता. गेलं ते गेलंच की.

मांडवीकाठ (पणजी)

पुष्कळ गेलं. पण याच संदर्भात मला एक गोष्ट कायम आठवते. पोर्तुगालमधल्या ब्रागा शहराच्या सार्वजनिक ग्रंथालयात जुनी हस्तलिखितं आहेत. आपल्या लोकांच्या तोंडच्या रामायण-महाभारताच्या कथा, मराठी काव्य, सगळं रोमन लिपीत उतरवलेलं. उतरवून घेतलं जेझुइट मिशनऱ्यांनी. इथल्या लोकांची भाषा शिकण्यासाठी आणि त्यांच्या धर्माचं खंडन करण्यासाठी. जे नष्ट करायचं होतं तेच आपल्या हाताने लिहून ठेवलं आणि ते वाचलं. विसाव्या शतकात मारियानु साल्दान्य यांनी ती हस्तलिखितं उजेडात आणली. ज्या कृष्णदास शामाने १५२६ मध्ये इथे श्रीकृष्णचरित्र लिहायला घेतलं, त्याचं नाव आज पाटोवरच्या आपल्या राज्य ग्रंथालयाला आहे.

म्हणून मला ते परिशिष्ट नुसता दिलासा वाटत नाही. राजवटी नोंदी ठेवतात आणि नोंदी राजवटीपेक्षा जास्त जगतात. अर्थात डिचोलीच्या मुलीचा आक्षेप कायम आहे. ज्याची पोथी जळली त्याला ब्रागाचा काय उपयोग.

तेरेखोल

थोडं अवांतर, पण विन्स्टनची आई जी सापशिडी आणते ती मुळात आपल्याकडचीच. मोक्षपट म्हणून खेळायचे आणि परंपरा तो ज्ञानेश्वरांशी जोडते. ऑर्वेलचा जन्म १९०३ मध्ये बिहारातल्या मोतीहारीचा, पण वर्षभराचा असतानाच आईबरोबर इंग्लंडला गेला, तेव्हा त्याचा काही संबंध जोडायला नको. तरी त्या पानावर आपला खेळ बघून मला जास्त लागलं.

कुशावती (केपे)

सगळ्यांचे प्रतिसाद दोनदा वाचले. अंत्रुजकर भाई, तुमच्या शेजाऱ्यांबद्दल वाचून मी खूप वेळ काही लिहू शकले नाही.

माझा राग गेलेला नाही, पण त्याची दिशा बदलली. मी लेखकावर चिडले होते, त्याने विन्स्टनकडून आई काढून घेतली म्हणून. तुमच्या गोष्टीत मला दुसरंच दिसलं. तुमचे शेजारी 'मी नव्हतोच' म्हणाले तेव्हा तुमचे वडील शेजारी बसलेले होते, आणि त्यांना सगळं आठवत होतं. ते बोलले नाहीत, पण त्या माणसाने टाकून दिलेली आठवण त्यांनी सांभाळली, तुम्हाला दिली, आणि तुम्ही आज इथे लिहिली. विन्स्टनच्या बाजूला असं कोणी नाही. त्या कॅफेत सापशिडीची दुपार खरी होती हे माहीत असलेला एकच माणूस आहे, तो म्हणजे वाचणारा. ऑर्वेलने ती आठवण खोडली नाही. आधी पूर्ण, पावसासकट, बहिणीच्या हसण्यासकट आपल्याला दिली आणि मग विन्स्टनला ती नाकारायला लावली. आपण मात्र नाकारू शकत नाही. मला इतकं दुखलं ते त्यामुळेच, असं आता वाटतंय.

मुलांना देणार आहे. मात्र घरी एकट्याने शेवट वाचायला लावणार नाही. तिसरा भाग वर्गात, एकत्र, मोठ्याने वाचायचा आणि वाचून झाल्यावर तास संपवायचा नाही, बोलू द्यायचं. सासष्टीकारांचा ओव्यांचा मुद्दा मी वर्गात मांडणार आहे, परवानगी असावी.

सासष्टीकार (मडगाव)

परवानगी कसली, अवश्य मांडा. शक्य झालं तर रोसाच्या ओव्या म्हणणाऱ्या एखाद्या आजीलाच वर्गात बोलवा.

डिचोलीची_पोर

ताई, छान ठरवलंत. पण एक विचारू? एवढ्या चर्चेत ज्युलियाबद्दल कोणीच काही बोललं नाही. तिच्या शेवटाचं काय?

कुशावती (केपे)

खरंच, आपण सगळे विन्स्टनभोवतीच फिरलो.

मार्चमधल्या बोचऱ्या थंडीत त्यांची बागेत गाठ पडते. तिच्या कपाळावरून कानशिलापर्यंत व्रण आहे, कंबर जाड आणि ताठ झालीय. 'मी तुझा विश्वासघात केला' हे आधी ती बोलते, तो नंतर. आणि ती त्याच्यापेक्षा स्वच्छ बोलते. ते तुम्हाला अशा गोष्टीची धमकी देतात की दुसऱ्याचं करा असं तुम्ही म्हणता, आणि ते नुसतं सुटका करून घ्यायला म्हणत नाही, त्या क्षणी मनापासून म्हणता. त्यानंतर त्या माणसाबद्दल पूर्वीसारखं वाटत नाही. विन्स्टनला ओब्रायनबरोबर कित्येक पानं मिळतात. तिला एवढी चार वाक्यं.

तिच्या खोलीत काय होतं ते आपल्याला कळतच नाही. त्याला उंदीर, तिला काय? तो विचारत नाही. भुयारी रेल्वेच्या स्थानकापर्यंत तिच्या मागोमाग जायचं ठरवतो आणि अर्ध्या वाटेत त्याला कॅफेतल्या ऊबदार कोपऱ्याची ओढ लागते. गर्दीत ती दिसेनाशी होते आणि तो तिला जाऊ देतो.

वर्गात पहिला प्रश्न मी हाच विचारणार आहे. तू येशील का त्या दिवशी? केप्याला यायला तुला दोन बस बदलाव्या लागतील.

डिचोलीची_पोर

येते. तारीख कळवा.